वाचता आलं म्हणजे झालं?

मागच्या महिन्यात आम्ही घरचे आठ-नऊ जण त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. काकांच्या नावाने एक विधी करायचा राहिला होता. गुरुजींकडे आमचा नंबर लागायला दोन तास होते, म्हणून मी माझा नेहमीचा उद्योग सुरू केला. एसटी स्टँडपासून देवळापर्यंत पाट्या बघत जायचं. वाचत नव्हे, बघत. ज्यांना ही सवय माहीत आहे ते घरचे लोक दहा पावलं पुढे चालतात, म्हणजे ओळख दाखवायला नको.

दादा मात्र बरोबर राहिला. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, काकांचाच मुलगा. एका लॉजच्या पाटीसमोर मी जरा जास्तच वेळ थांबलो तेव्हा त्याने विचारलं, काय रे, काय बघतोयस? मी म्हटलं, ह्या पाटीवरचा ल बघ आणि त्या समोरच्या पाटीवरचा ल बघ. त्याने बघितलं. मग म्हणाला, "वाचता येतंय ना? मग झालं. ल म्हणजे ल." संध्याकाळी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझा पाटीसमोर मान वाकडी केलेला फोटो आला, खाली सत्तावीस हसरे चेहरे. तिथे उत्तर द्यायला गेलो असतो तर मध्येच कुणीतरी गुड नाइट टाकलं असतं. म्हणून इथे लिहितोय. दादा, हे तुझ्यासाठी आहे. बाकीच्यांनीही वाचायला हरकत नाही.

आधी एक कर. हा मजकूर तू ज्या पडद्यावर वाचतोयस तिथला ल नीट बघ. ल. उजवीकडे वरपासून खालपर्यंत सरळ उभा दंड आहे, आणि डावीकडे लाट? की शिरोरेघेतून मधोमध एक छोटा देठ खाली येतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पाकळ्या उमललेल्या आहेत? पहिला असेल तर तो हिंदीच्या वळणाचा. दुसरा असेल तर तो आपला, अंकलिपीत लसणाच्या नाहीतर लाडवाच्या चित्राशेजारी तू गिरवलास तो. श ची गोष्ट तशीच. त्याचे दोन्ही प्रकार शब्दांत सांगणं अवघड आहे, पण जुन्या बालभारतीतला 'शहामृग' आणि फोनवरचा 'शहामृग' शेजारी धर, लगेच कळेल.

मला हे दोन्ही ल इथे शेजारी छापून दाखवता येत नाहीत. ते का, हे समजलं की माझा निम्मा मुद्दा तुला समजेल. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला क्रमांक आहे. ल चा ०९३२, श चा ०९३६. दंडाचा ल आणि पाकळीचा ल या दोघांनाही तोच एक क्रमांक. मी इथून फक्त क्रमांक पाठवतो, चित्र तुझ्या यंत्रातला फॉन्ट काढतो. आता चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही चित्रं भरलेली असतात आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंद केली तर तो पाकळीचा ल पुढे करतो. नोंद नसेल तर बहुतेक फॉन्ट हिंदीचं वळण धरतात. म्हणजे आपला ल मेलेला नाही, तो फॉन्टच्या पोटात झोपलेला आहे. त्याला उठवणारं कुणी नाही, कारण फ्लेक्सवाल्याच्या दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला (म्हणजे तुला आणि मला) फरकच दिसत नाही.

हा फरक दिसणं ही काही सिद्धी नाही. पाठीमागून चालण्यावरून आपण माणूस ओळखतो तसंच हे आहे. फॉन्ट ओळखायला गावाचं नावच पुरतं. 'त्र्यंबकेश्वर' हा शब्द म्हणजे कुठल्याही फॉन्टची तोंडी परीक्षा. पहिल्याच अक्षरात त, र आणि य तिघांना एका जागी नीट बसवायचंय. कच्च्या फॉन्टची तिथेच दांडी उडते, पाय मोडलेला त्र् आणि बाजूला लोंबकळणारा य दिसतो. मग अनुस्वार. जुन्या, युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये अनुस्वार ही वेगळी कळ होती, ती एक घर पुढे पडली की 'त्र्यबंकेश्वर'. असं गाव कुठेही नाही, पण पाट्यांवर मला तीन वेळा भेटलं. शेवटी श्व. हाताने रंगवणाऱ्या जुन्या पेंटरचा श जोडाक्षरात आपलं रूप बदलतो, मान वळवतो आणि व ला जवळ घेतो. नव्या फॉन्टमधला बहुतेक वेळा अर्धा श कापून व च्या शेजारी नुसता उभा केलेला असतो, अनोळखी माणसाशेजारी एसटीत बसल्यासारखा.

मग बाकीच्या खुणा. अनुस्वार गोल आहे की चौकटच्या इस्पिकासारखा टोकदार? (चौकट म्हणायचंय, इस्पिक नव्हे. पत्ते खेळून फार वर्षं झाली.) शिरोरेघ अक्षराच्या मानाने जाड आहे की बारीक? पहिली वेलांटी 'कि'मध्ये आणि 'षि'मध्ये एकाच मापाची आहे का, की अक्षराच्या रुंदीप्रमाणे लांब-आखूड होते? एकाच मापाची असेल तर फॉन्ट घाईत केलेला. आणि माझी आवडती खूण म्हणजे फट. जुन्या फॉन्टमध्ये जागा मर्यादित, दोनशेच्या आसपास घरं. त्यात सगळी देवनागरी बसवायची म्हणून अख्खा श, ष, ण असा ठेवतच नसत. अर्धं अक्षर आणि पुढे काना, झालं अक्षर. कागदावर ते कळत नाही. पण तेच दहा फुटी फ्लेक्सवर ताणलं की सांध्यात केसाएवढी फट दिसते. 'कुशावर्त' लिहिलेल्या एका फलकावर श ची फट एवढी होती की तीर्थाचं पाणी गळेल.

हे मला शिकवलं तुझ्या वडिलांनी. तुला आठवत असेल, पण तू तेव्हा क्रिकेटमध्ये होतास. काका नाशिकच्या एका छापखान्यात जुळारी होते. जुळारी म्हणजे काय हे आता समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगतो: लाकडी केसमधून शिशाचा एकेक खिळा उचलून, हातातल्या स्टिकमध्ये ओळ जुळवणारा माणूस. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे त्यांना उलटी ओळ सुलटीपेक्षा वेगाने वाचता यायची. मी सुट्टीत तिथे जाऊन बसायचो. मला ते छापलेला कागद उलटा करून द्यायचे आणि म्हणायचे, "आता बघ. सुलटा धरलास की शब्द दिसतात, उलटा धरलास की अक्षरं दिसतात." ही युक्ती अजूनही चालते. परवा त्र्यंबकला माझी मान वाकडी होती ती त्यामुळेच. फोटो काढणाऱ्याने कृपया नोंद घ्यावी :-)

काकांना पुस्तकाचं पान दाखवलं की ते साधारण कुठल्या काळातलं ते सांगायचे. 'इ'च्या जागी अ ला वेलांटी दिसली की म्हणायचे, हे सावरकरांच्या लिपिसुधारणेच्या नादातलं. (सावरकर भगूरचे, म्हणजे आपल्या इथूनच वीसेक किलोमीटरवरचे. अ ची बाराखडी त्यांनी हिरिरीने मांडली, काही मासिकांनी आणि लेखकांनी ती वापरलीही, आणि मग ती मागे पडली.) ख चे दोन तुकडे सुटे दिसले की जुना. तो ख म्हणजे र आणि व शेजारी उभे केल्यासारखा, म्हणून 'खाना' की 'रवाना' हा घोळ. पुढे खालून पाय जोडून दिला तेव्हा मिटला. अक्षराचं वळण वाचण्यात अडचण आणत होतं तिथे लोकांनी ते बदललं, काकांनाही ते पटायचं. म्हणून दादा, मी 'जुनं ते सोनं' म्हणतोय असं समजू नकोस. ख बदलला तो वाचणाऱ्यासाठी. ल बदलला तो कुणासाठी?

याचं एक उत्तर मला त्र्यंबकलाच मिळालं. देवळाच्या जवळच्या गल्लीत एक पेंटर एका धर्मशाळेची पाटी रंगवत होता. हाताने रंगवणारा माणूस आता क्वचित दिसतो, म्हणून मी थांबलो. बोर्डावर 'ज्योतिर्लिंग' चाललं होतं आणि ल दंडाचा. मी विचारलं, मामा, ल असा का? तो ब्रश न थांबवता म्हणाला, "साहेब, येणारा गुजरातचा, एमपीचा, तिकडं आंध्राचा. त्याला समजायला नको का?"

खरं सांगतो, क्षणभर मी गप्प झालो. 'वाचता आलं म्हणजे झालं' यापेक्षा हे उत्तर चांगलं आहे. गाव यात्रेकरूंवर चालतं. नारायण नागबळी, कालसर्प, त्रिपिंडी, सगळ्या पाट्या परक्या माणसासाठीच आहेत आणि पाटी शेवटी गिऱ्हाइकासाठीच असते.

पण मग घरी आल्यावर विचार करत बसलो. पाकळीचा ल हिंदी वाचकाला अडतो का? मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याची संस्कृत पुस्तकं भारतभर गेली. जावजी दादाजी चौधरी, जन्म १८३९. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याचं काम करणारा मुलगा. त्याने १८६४ मध्ये स्वतःचा टाइपाचा कारखाना काढला, १८६९ मध्ये छापखाना, आणि राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराने त्यासाठी अक्षरं कोरली. त्या खिळ्यांवरचा ल मुंबईच्या वळणाचा, पाकळीचा. काशीच्या पंडितांनी 'काव्यमाले'तली काव्यं त्याच ल ने वाचली. कुणी पुस्तक परत पाठवलं नाही.

आणि याहून मोठी गोष्ट. आज हिंदीवाले जे अ, झ आणि ण लिहितात ते मूळचे कुठले? मुंबईचे! उत्तरेकडे आणि कोलकात्याच्या टाइपांत या तिन्ही अक्षरांची रूपं निराळी होती. जुना ण तर 'रा' सारखा दिसायचा. पुढे हिंदीचं प्रमाण वळण ठरवताना मुंबईचे अ, झ, ण घेतले गेले, ल आणि श मात्र उत्तरेचे राहिले. कोट्यवधी माणसांनी तीन अक्षरं नवी शिकली आणि कुणाचं काही बिघडलं नाही. तेव्हा यात्रेकरूला आपला ल कळणार नाही ही भीती त्या यात्रेकरूचा जरा अपमानच आहे. पेंटरमामांना पुढच्या खेपेला सांगणार आहे. ऐकतील असं नाही.

आता दुसऱ्या बाजूच्या लोकांकडे वळतो, कारण दादाच्या आळसापेक्षा मला त्यांचा उत्साह जास्त त्रास देतो. मराठी पाट्यांचे कैवारी. दुकानांवर मराठी पाटी हवी, हे मला मान्य आहे. २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती झाली, मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत असं ठरलं. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली. पाट्या बदलल्या. पण मोजलं काय? उंची. पट्टी घेऊन अक्षराची उंची मोजणाऱ्या एकाही माणसाने अक्षराकडे बघितलं नाही. दोन फूट उंच 'ज्वेलर्स', दोन फूट उंच 'शॉपी', आणि त्यातला ल आणि श दोघेही हिंदीच्या वळणाचे. पाटी मराठी झाली म्हणून पेढे वाटले. मी हिंदीच्या विरोधात नाही, हिंदीचा ल हिंदीत छानच दिसतो. पण मराठीसाठी काचा फोडायला निघालेल्याला मराठी ल ओळखता येत नसेल, तर त्याचं भांडण नक्की कशासाठी आहे?

आणि सरकार? सरकारने तर लिहूनच ठेवलंय. ६ नोव्हेंबर २००९ चा शासन निर्णय आहे, मराठी वर्णमाला कशी असावी याचा. १० नोव्हेंबर २०२२ ला तो पुन्हा अद्ययावत केला. त्यात 'पाकळीयुक्त ल' आणि 'देठयुक्त श' ही नावं आहेत. (सरकारी भाषेत इतके सुंदर शब्द फार क्वचित सापडतात. ज्याने हे सुचवले त्याला माझ्यातर्फे एक चहा.) एवढं असून त्याच सरकारच्या एका कार्यालयाचा फलक त्र्यंबकच्या रस्त्यावर उभा आहे, त्यावर ल पाच वेळा येतो आणि पाचही वेळा दंडाचा. निर्णय काढणारा एका टेबलावर, फ्लेक्सची ऑर्डर देणारा दुसऱ्या टेबलावर. २०२६-२७ चा सिंहस्थ आहे, फलकांचा पूर येणार. त्यातले सरकारी तेवढे तरी सरकारच्याच निर्णयाप्रमाणे निघाले तर मी कुशावर्तात एक डुबकी जास्त मारीन.

यंत्राला दोष देणं सोपं आहे. विंडोज २००० बरोबर 'मंगल' फॉन्ट आला आणि आपण सगळे त्यातच ब्लॉग लिहायला शिकलो. त्यातला ल दंडाचा. तो फॉन्ट केला र. कृ. जोशींनी, म्हणजे आपल्याच थोर अक्षरकाराने. पण ते काम सगळ्या देवनागरीसाठी होतं, एका मराठीसाठी नव्हतं. त्या काळात एका फॉन्टमध्ये देवनागरी पडद्यावर नीट उमटली याचंच आपल्याला अप्रूप होतं. आज ती सबब उरलेली नाही. कॅनडातल्या टायरो नावाच्या मंडळींनी हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी तीन वेगळी देवनागरी कुटुंबं काढली आहेत आणि ती फुकट मिळतात. राज्य मराठी विकास संस्थेचे 'यशोमुद्रा' आणि 'यशोवेणू' आहेत. युनिकोडने चिनी आणि जपानी लिपीतल्या कित्येक अक्षरांनाही एकच क्रमांक दिला, वळणं वेगळी असूनही. जपानी लोकांनी त्यावर वर्षानुवर्षं कटकट केली, आणि आज जपानी माणसाच्या फोनवर जपानी वळण उमटतं. चुकून चिनी वळण आलं तर त्याला ते लगेच खटकतं. आपल्याला खटकतच नाही, तर फोन तरी का बदलेल?

'वाचता आलं म्हणजे झालं' हे तरी कुठे खरं आहे? त्याच दिवशी जेवायला गेलो तिथे भिंतीवर सूचना होती: 'आचार्यांना परस्पर पैसे देऊ नयेत.' दादा, तू ती वाचलीस आणि गुरुजींच्या दक्षिणेचं पाकीट खिशात परत ठेवायला लागलास. सूचना स्वयंपाक्यांबद्दल होती! आचाऱ्यांबद्दल. रफाराऐवजी तो चंद्रकोरीसारखा अर्धा र हवा होता, जो मराठीत असा मिरवतो, आणि फ्लेक्सवाल्याच्या फॉन्टमध्ये तो नव्हता किंवा त्याला काढता आला नाही. ब्रह्मगिरीच्या 'दर्या' असंही एके ठिकाणी होतं. डोंगरात समुद्र. तू तिथे हसलास, म्हणजे र चं वळण चुकलं की तुला कळतं. ल चं कळत नाही कारण त्याने पैशाचं पाकीट अडत नाही.

दादासाहेब फाळके याच गावचे, ३० एप्रिल १८७० चा जन्म. सिनेमावाले म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी ते छपाईवाले होते. ठसे कोरणं, लिथो, रंगीत छपाई, आधी लोणावळ्याला आणि मग दादरला छापखाना. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. तो मूकपट, म्हणजे त्यात जे बोलायचं ते पडद्यावर अक्षरांनी. त्र्यंबकमधून जाताना मला नेहमी वाटतं की डोळ्याने बघणं हे ह्या गावाला नवीन नाही. असो, विषय भरकटतोय.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. गेल्या वर्षी काका गेले तेव्हा दशक्रियेचा फ्लेक्स मी करून घेतला. घरातला 'अक्षरवाला' मी, म्हणून सगळ्यांनी माझ्यावर सोपवलं. काकांच्या नावात ल आहे, श पण आहे. मजकूर मी फोनवर टाइप केला, पाठवला. प्रूफ आलं, मी तारीख तपासली, वेळ तपासली, नातवंडांची नावं राहिली नाहीत ना ते तपासलं आणि 'ओके' लिहून पाठवून दिलं. चौकात फ्लेक्स लागला. सहा फूट उंच, काकांचा फोटो, आणि खाली त्यांचं नाव, दंडाच्या ल ने. चाळीस वर्षं पाकळीचा खिळा उचललेल्या माणसाचं. मी तिथे उभा राहून लोकांना नमस्कार करत होतो, आणि मला दिसलं ते चौथ्या दिवशी. कुणाला बोललो नाही. घरात दुःखाचे दिवस, त्यात ल चं काय सांगणार?

म्हणून परवा त्र्यंबकला तू 'ल म्हणजे ल' म्हणालास तेव्हा मला राग आला तो निम्मा तुझा, निम्मा स्वतःचा. ती पाटी तरी कुठल्यातरी अनोळखी लॉजची होती.

वर्षश्राद्धाच्या पत्रिकेचं काम परत माझ्याकडेच आलंय. मजकूर दिलाय, फॉन्टचं नाव लिहून दिलंय, सोबत कागदावर पेनाने पाकळीचा ल मोठा काढून फोटो पाठवलाय. दुकानातला मुलगा म्हणाला, हा ल आमच्याकडे नाही. मी म्हटलं, आहे, शोध. प्रूफ शुक्रवारी येईल. दादा, ते तुलाही पाठवतो. उलटं धरून बघ.